आधी आपल्या मनगटाला

मी पट्टा बोलतोय. कुत्र्याच्या गळ्यातला, पण साधा नाही. माझ्या पोटात बॅटरी आहे, आतल्या अंगाला दोन बोथट खिळे आहेत आणि मला चालवणारा रिमोट दुसऱ्याच कुणाच्या तरी खिशात असतो. मी चिडलेलो आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

दुकानातल्या बाईंनी गिऱ्हाइकाला सरळ विचारलं, कुत्र्याचं वजन किती, वय किती, तो करतो काय? गिऱ्हाईक धंद्याने वायरमन. वजन त्याला ठाऊकच नव्हतं. अंगावर उड्या मारतो म्हणाला, आणि सगळ्यात जोरदार पट्टा मागितला. बाईंनी नुसत्या शिट्टीचा, झटका नसलेला पट्टा पुढे केला, तो त्याने बाजूला सारला. निदान आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, असं त्या म्हणाल्या, तर हा हसला.

"रोज मेन लाइनवर काम करतो बाई. एवढ्याशा बॅटरीने काय होतंय?"

टेस्टर लावल्याशिवाय हा गृहस्थ वायरीला बोट लावत नाही. मला मात्र तसंच गुंड्याच्या गळ्यात अडकवलं. माझ्या माहितीपत्रकात त्याने स्क्रू बांधून ठेवले.

गुंड्या हा नावाला अजिबात न शोभणारा, पांढऱ्या पायांचा कुत्रा. त्याचा सगळा जीव आजोबांवर, म्हणजे वायरमनच्या वडिलांवर. ते फिरून आले की हा दारात धावायचा आणि उडी घ्यायचा. आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते पडतील ही भीती खरी होती, तेवढं मी मान्य करतो. पण चार दिवस बसून शिकवायला कुणाला सवड होती? उडी मारली की बटण. झटक्याचा आकडा सातवर. गुंड्या कळवळून खाली पडायचा आणि ते पाप माझ्या हातून व्हायचं. अजून संताप येतो मला.

गुंड्याला रिमोट दिसत नव्हता. त्याला आजोबा दिसत होते. आजोबा आले की मान भाजते, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. आठवड्यात उड्या थांबल्या, वायरमनने ते गावभर सांगितलं. पुढच्या आठवड्यात गुंड्या आजोबांवर दात विचकून गुरगुरला.

वायरमन म्हणाला, आता हा चावणार, उद्याच लांबच्या गोदामावर राखणीला सोडून येतो. आजोबांनी त्याला मला काढायला लावलं. माझ्याखाली, गुंड्याच्या मानेवर, दोन लाल जखमा होत्या. त्या बघून आजोबांनी मला स्वतःच्या मनगटाला बांधलं.

"दाब."

"बाबा, काहीतरीच काय."

"एवढ्याशा बॅटरीने काय होतंय? दाब. सातवर."

वायरमनचा अंगठा हलेना. शेवटी त्याने मला आपल्या मनगटावर घेतलं, आकडा तीनवर आणला आणि दाबलं. रिमोट फरशीवर आपटला. गोदामाचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

आता मी दाराजवळच्या हत्यारांच्या पेटीत, टेस्टरशेजारी पडून आहे. पट्टा निवडायला जाल तेव्हा रिमोट किती लांब चालतो हे विचारू नका. आधी आपलं मनगट पुढे करा. नाहीतर मला फळीवरच राहू द्या, मला आणखी एका गळ्यात जायचं नाही.

आजोबा रोज दारात बसतात, हातात बिस्कीट घेऊन. चार महिने झाले. काल गुंड्या त्यांच्यापासून दोन हात अंतरावर येऊन थांबला.

"मार की रे उडी," आजोबा म्हणाले.

त्याने मारली नाही.