छपरावरचं जाळं

डाव्या पायाची चप्पल. तेलाचा फुटका कॅन. बाळाची दुधाची बाटली.

कुणीतरी समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यात हे सगळं अडकलं होतं. नवऱ्याने ते ओढत घरी आणलं, तेव्हा सासूबाई कडाडल्या, "मासे आणायचे सोडून उकिरडा आणलास?"

आठवड्याने वादळाचा इशारा आला. नवऱ्याने तेच जाळं छपराच्या पत्र्यांवर पसरलं आणि कडांना दगड बांधले. वारा सुटला, पत्रे खडखडले. आम्ही तिघं खाटेखाली जीव मुठीत धरून बसलो.

वारा पडल्यावर वर पाहिलं. एकही पत्रा उडाला नव्हता.

सासूबाई हसल्या. "बारा वर्षांनी उकिरड्याचेही दिवस पालटतात म्हणे."

"बारा वर्षं कुठे, आई? आठवड्यातच पालटले!" नवरा म्हणाला.

मला मात्र ते कासव आठवलं. जाळं सापडलं तेव्हा त्यात एक जिवंत कासवही अडकलं होतं; नवऱ्याने आधी ते सोडवून समुद्रात सोडलं, मगच जाळं घरी आणलं होतं.