दारासमोरची जागा

चष्मेवाल्यांनी गाडी घेतली ती सासूबाईंसाठी. निदान घेताना सगळ्यांना कारण तेच सांगितलं. सासूबाई राहायच्या दूर, दोनदा बस बदलून जावं लागे. गुडघ्यांमुळे त्यांना घराबाहेर पडणं जमत नव्हतं आणि अलीकडे डोळ्यांनीही असहकार पुकारला होता. पण घरात चष्म्याच्या दुकानाचा मालक जावई असताना परक्या दुकानात डोळे दाखवायचे म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. जावईबापू येतील तेव्हा नंबर काढतील, म्हणून त्या जुन्याच काचा पुसत बसल्या होत्या. बायकोने हे दोन-तीनदा कानावर घातलं तेव्हा चष्मेवाल्यांनी शब्द दिला, "गाडीच घेऊन टाकू. दर रविवारी जाऊ. नंबर काढायच्या काचांची पेटी बसच्या गर्दीत न्यायला नको, मागच्या सीटवर टाकली की झालं."

गाडी वापरलेलीच घेतली, पण पारखून. चष्मेवाल्यांनी तिच्या सगळ्या काचा उजेडाच्या दिशेने निरखल्या, एकीवरही ओरखडा नाही म्हणून समाधानाने मान डोलावली. इंजिनात काय आहे ते मेकॅनिकने बघितलं. ती त्याची बाजू होती.

गाडी गल्लीत आली त्या दिवशी नशीब असं जोरावर, की इमारतीच्या अगदी दारासमोरची, विजेचा खांब आणि पाण्याची टाकी यांच्यामधली जागा रिकामी होती. आता ही जागा म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवं. गल्ली अरुंद, इमारती जुन्या, गाड्या उदंड. कोणाची जागा ठरलेली नाही. जो आधी लावेल त्याची, आणि जोवर हलत नाही तोवर त्याचीच, एवढा एकच कायदा. दारासमोरच्या जागेला दुपारभर सावली असे आणि पहिल्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांच्या खिडकीतून ती पूर्ण दिसे. गेली कित्येक वर्षं तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या कंत्राटदाराची गाडी उभी असायची. ती एवढी अवाढव्य होती, की गल्लीतली मुलं तिला रणगाडा म्हणत. कंत्राटदार त्या दिवशी परगावी लग्नाला गेला होता.

परत आल्यावर तो चष्मेवाल्यांच्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"नवीन घेतली वाटतं," तो म्हणाला.

"हो."

"छान आहे. फिरवत असाल ना खूप?"

या प्रश्नातली मेख चष्मेवाल्यांना बरोबर कळली. त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

पहिला रविवार उजाडला. बायकोने आईसाठी डबा भरला, नवी साडी नेसली, पेटी मागच्या सीटवर ठेवली. चष्मेवाल्यांनी किल्ली लावली, आरसा सरळ केला, आणि आरशात त्यांना गल्लीच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून उभा असलेला रणगाडा दिसला. त्यांनी किल्ली काढली.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"आज रस्त्याला गर्दी असेल. पुढच्या रविवारी निवांत जाऊ."

पुढच्या रविवारी चाकात हवा कमी वाटली. त्याच्या पुढच्या रविवारी आभाळाचा रंग त्यांना आवडला नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली. जागा धरावी तर गाडी हलवता येत नाही, गाडी हलवावी तर जागा गेलीच. शेवटी बायको म्हणाली, "मी आपली बसनेच जाऊन येते."

"बसने?" चष्मेवाल्यांना हे लागलंच. "दारात गाडी उभी असताना बसने जाणार? लोक काय म्हणतील?"

त्यामुळे गाडी नव्हती तेव्हा बायको दीड-दोन महिन्यांतून एकदा तरी आईला भेटत असे, ती गाडी आल्यापासून एकदाही भेटली नव्हती. ती फोनवर बोलायची. बोलून झालं की थोडा वेळ खिडकीशी उभी राहून खालच्या गाडीकडे बघायची. तिला राग येत होता, आणि तो गिळून ती दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे बसवत होती. बायकांचे आणि मुलांचे नंबर तीच काढायची. चष्मेवाल्यांपेक्षा तिचा हात हलका, असं गिऱ्हाइकं म्हणत. चष्मेवाले ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

इकडे चष्मेवाले गाडीची सेवा करत होते. सकाळी पुसायची, रात्री झाकायची. पण यंत्र ते यंत्रच. महिन्याभरात बॅटरी बसली, मग ब्रेक धरून राहिले, मग बॉनेटखाली उंदरांनी तारा कुरतडल्या. तिचा काही उपयोग करून घेणारे तेवढे तेच होते म्हणायचे. मेकॅनिक पाना घेऊन गल्लीतच यायचा, कारण गाडी गॅरेजला न्यायची तर पुन्हा तोच प्रश्न.

"काका, गाडी बसून बसून आजारी पडते," मेकॅनिक म्हणाला. "रोज जरा फिरवून आणा. दुसरं औषध नाही."

"फिरवली असती रे. पण परत आल्यावर लावू कुठे?"

मेकॅनिकने आयुष्यात गाड्यांच्या हजार तक्रारी ऐकल्या होत्या, ही पहिल्यांदाच ऐकली. त्याने हात पुसले आणि नवी बॅटरी बसवून दिली.

मग एका सकाळी पुढच्या काचेवर पिवळा कागद चिकटलेला दिसला. बेवारस वाहन. मालकाने हलवावे, अन्यथा उचलून नेण्यात येईल. चष्मेवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. जिची आपण लेकरासारखी काळजी घेतो ती बेवारस? ते तडक पालिकेत गेले. तिथला माणूस शांतपणे काकडी खात होता.

"साहेब, ती माझी गाडी आहे. मी रोज पुसतो."

"पुसता ते दिसलं. चालवत नाही तेही दिसलं. महिनाभर जागची हलली नाही की बेवारस, असा नियम आहे."

"पण मी तिच्यासमोरच राहतो."

"तुमच्याबद्दल नियम नाही, काका. गाडीबद्दल आहे. दर सोमवारी आमचा माणूस मीटरचा आकडा बघणार. वाढलेला दिसला पाहिजे."

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. एका बाजूने कंत्राटदार, दुसऱ्या बाजूने पालिका. गाडी हलवायची, पण जागा सोडायची नाही. चष्मेवाले दोन रात्री विचार करत होते आणि तिसऱ्या सकाळी चहाचा कप खाली ठेवून बायकोला म्हणाले, "तू गाडी शिक."

"मी?"

"तू दर रविवारी सकाळी इमारतीला एक फेरा मारायचा. तोवर मी जागेवर उभा राहीन. तू आलीस की मी बाजूला होईन. आकडाही वाढेल, जागाही राहील."

एवढी साधी युक्ती आधी कशी सुचली नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. बायकोने त्यांचा रिकामा कप उचलला. मग म्हणाली, "शिकते." पालिकेकडून तोवरची मुदत मागून घेऊन ड्रायव्हिंग क्लासला नाव घालायला चष्मेवाले स्वतः गेले. तिला परवाना मिळाला त्या दिवशी तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला.

रविवारची फेरी सुरू झाली. बायको गाडी बाहेर काढायची, आणि गाडीचं मागचं चाक सरकतं न सरकतं तोच चष्मेवाले प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन जागेच्या मधोमध ठाण मांडायचे. कंत्राटदार वरच्या गॅलरीतून बघायचा. पहिल्या रविवारी ती इमारतीला वळसा घालून लगेच परतली. दुसऱ्या रविवारी चौकापर्यंत गेली. मग पेट्रोल भरायला म्हणून पंपापर्यंत, मग एकदा मोठ्या रस्त्याने पुलापलीकडे. "जरा लांब गेलं की बॅटरीला बरं असतं," ती म्हणायची. मेकॅनिकनेही तेच सांगितलं होतं, त्यामुळे चष्मेवाल्यांना बोलायला जागा नव्हती. ते वर्तमानपत्र बरोबर नेऊ लागले.

आणि मग तो रविवार आला. बायको नेहमीसारखी खाली उतरली. तिच्या हातात डबा होता आणि काखेत चादरीत गुंडाळलेलं एक चौकोनी गाठोडं होतं. चष्मेवाल्यांचं लक्ष स्टुलाचा एक पाय डगमगत होता तिकडे होतं. गाडी वळणाआड गेली. वर्तमानपत्र वाचून झालं. उन्हं खांबावरून टाकीवर सरकली. पंपापर्यंत जायला एवढा वेळ लागत नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग पुलापलीकडे जायलाही नाही, असं आलं. अपघात वगैरे झाला नसेल ना? उठून शोधायला जावं तर रणगाडा गल्लीच्या तोंडाशी येऊन उभाच होता. ते अर्धवट उठले, पुन्हा बसले. माणसाला आपल्या भीतीची लाज वाटते ती अशा वेळी, आणि तरी ते उठले नाहीत.

दुपारी फोन वाजला.

"पोचले," बायको म्हणाली.

"कुठे?"

"आईकडे. पेटी घेऊन आले आहे. तिचा नंबर काढते आणि मग निघते."

एवढा लांबचा रस्ता, एवढे ट्रक, आणि ही एकटी. पण चष्मेवाल्यांच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"परत कधी येशील? मी जागेवर बसलोय."

"बसा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ते बसले. जेवायला वर गेले नाहीत. तळमजल्यावरच्या आजीने खिडकीतून पाणी दिलं आणि तब्येतीची चौकशी केली. येणारेजाणारे आधी हसले, मग हसायचे थांबले, आणि ते जास्त वाईट होतं. कंत्राटदार एकदा खाली उतरून जवळ आला.

"वहिनी गेल्या कुठे?"

"सासूबाईंकडे."

"मग तुम्ही गेला नाहीत?"

याला उत्तर होतं, पण ते मोठ्याने म्हणून दाखवण्याजोगं नव्हतं. कंत्राटदार पुन्हा आपल्या गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळी दिवे लागता लागता ओळखीचा आवाज आला. आपली गाडी. चष्मेवाले धडपडत उठले, स्टूल उचललं, हाताने खुणा करत जागेच्या बाजूला झाले. गाडी हळू झाली. बायकोने काच खाली करून त्यांच्याकडे एकवार पाहिलं, आणि गाडी तशीच पुढे निघून गेली. रणगाड्याचे दिवे लागलेले दिसताच चष्मेवाले पुन्हा घाईने मध्ये येऊन बसले.

थोड्या वेळाने बायको कोपऱ्यावरून चालत आली. एका हातात रिकामा डबा, दुसऱ्या हातात पेटी.

"गाडी कुठे आहे?"

"मागच्या गल्लीत लावली. तिकडे जागाच जागा आहे."

"अगं, पण मी सकाळपासून इथे तुझ्यासाठी…"

"बसलेले दिसलात. म्हटलं, कशाला उठवा."

ती जिन्याकडे वळली. दोन पायऱ्या चढून थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "आईने मला आवाजावरून ओळखलं. समोर उभी होते मी. तिने विचारलं, कोण आलंय?"

चष्मेवाल्यांनी आयुष्यभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली होती. किती धूसर दिसत असलं की माणूस पोटच्या पोरीला ओळखत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दिव्याखाली अंधार तो हाच. त्यांना सासूबाई दिसल्या, जुन्याच काचा पदराने पुन्हा पुन्हा पुसणाऱ्या, जावईबापूंची वाट बघणाऱ्या. ती बाई काच मळली आहे असं समजून पुसत असणार.

"नंबर किती निघाला?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखीचा वाटला नाही.

बायकोने सांगितला. उजव्याचा, मग डाव्याचा. आकडे ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"एवढा वाढला?"

"वाढणारच. काढला कधी होता?"

"काचा आहेत दुकानात. आत्ता घासायला घेतल्या तर उद्या सकाळी चष्मा तयार."

"घ्या ना," बायको म्हणाली. "पण दुकानात जायला उठावं लागेल."

गल्लीच्या तोंडाशी रणगाड्याचा इंडिकेटर लागला होता. त्याचा पिवळा उजेड चष्मेवाल्यांच्या गुडघ्यांवर पडत होता, विझत होता, पुन्हा पडत होता. बायको पायरीवर उभी होती. ती त्यांना घाई करत नव्हती.

चष्मेवाले उठले. दिवसभर बसून पाय आखडले होते, खांबाला धरून त्यांना ते सरळ करावे लागले. मग त्यांनी बायकोच्या हातातली पेटी घेतली, स्टूल तिच्या हातात दिलं आणि दुकानाच्या दिशेने चालू लागले.

कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आतच मागे जड टायर जागेवर चढल्याचा आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं, पण एकदाच.