नव्या इंजिनाची जुनी जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. पण नेमकी किती जुनी, असे कुणी विचारले की माझा गोंधळ होतो. माझी चौकट सदतीस वर्षांची आहे. चाके गेल्या वर्षीची आहेत. आणि बॉनेटखाली जे इंजिन आहे ते सहा वर्षांचे आहे, आणि मुळात ते माझे नव्हतेच. मग माझे वय काय धरायचे? मला हे अजून उलगडलेले नाही. जसे घडले तसे सांगते. तुम्हाला उलगडले तर पाहा.

कारखान्यातले दिवस मला अंधुक आठवतात. गरम लोखंडाचा वास, अंगावर चढलेला हिरवा रंग, आणि कुणीतरी चौकटीवर ठोकून बसवलेला नंबर. त्यानंतर मी वनखात्याच्या कामाला लागले. नवेगावच्या जंगलात बारा-तेरा वर्षे फिरले. वणवा लागला की माणसे घेऊन धावायचे आणि पावसाळ्यात नाले ओलांडायचे, हेच माझे काम. माझी चारही चाके इंजिनाच्या जोराने फिरतात, त्यामुळे दुसऱ्या गाड्या जिथे हात टेकत, तिथे मी जात असे. पुढे माझा लिलाव झाला आणि सौंदडपासून बारा किलोमीटर आत राहणाऱ्या गोपीचंद कापगते यांनी मला घरी आणले.

गोपीचंद धानाचे शेतकरी. गाडी चालवायला ते कुठल्या शाळेत शिकले नव्हते. ते मला कानाने चालवीत. माझ्या आवाजात जरा फरक पडला की ते थांबत, बॉनेट उघडत, लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवत आणि मुठीकडची बाजू कानाला लावत. डॉक्टर छातीला नळी लावतात ना, अगदी तसे. मग मान हलवून म्हणत, "दुसऱ्या नंबरचा रुसला." आणि खरेच माझ्या दुसऱ्या सिलिंडरमध्ये बिघाड असे.

ती वर्षे फार सुखाची होती. धान रोवायला जाणाऱ्या बायांना मी बांधापर्यंत नेले. धानाची पोती वाहिली. चिखलात रुतलेले ट्रॅक्टर ओढून काढले. गावातल्या कितीतरी नवऱ्या माझ्यातून सासरी गेल्या. लोक म्हणत, "गोपीचंदभाऊची जीप चिखलात पोहते." हे ऐकले की माझे लोखंड हलके झाल्यासारखे वाटे.

मग एका उन्हाळ्यात आम्ही चोरखमाऱ्याहून, गोपीचंदांच्या बहिणीच्या घरून परत येत होतो. चढावर माझ्या पोटात काहीतरी तुटले. मोठा आवाज झाला, रस्त्यावर तेल सांडले आणि मी उभी राहिले. इंजिनातला एक दांडा लोखंड फोडून बाहेर आला होता. गोपीचंदांनी पेचकस काढला, पण ऐकायला आवाजच उरला नव्हता.

त्या जातीचे इंजिन आता कुठे मिळत नव्हते. मला ओढून घरी आणले आणि तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाजवळ उभे केले. चौदा महिने मी तिथेच होते. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. गोपीचंदांच्या पत्नी सुभद्राबाई रोज सकाळी ती अंडी गोळा करत आणि रोज तेच बोलत.

"देऊन टाका ना भंगारात. गाडी कायची, खुराडा झाला हा."

 गोपीचंद नुसते माझ्या चाकात हवा भरून जात. न चालणाऱ्या गाडीच्या चाकात हवा कशाला भरायची, हेही मला तेव्हा कळले नाही.

त्यांची मुलगी पुष्पांजली आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झाली होती आणि सौंदडला महामार्गाच्या कडेला तिचे स्वतःचे गॅरेज होते. एक दिवस ती आली, माझ्याभोवती फिरली, टेपने बॉनेटखालची जागा मोजली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, एका पलटलेल्या पिकअपचं इंजिन आलं हाय. कंप्यूटरवालं. मी हिच्यात बसवतो."

"कंप्यूटर?" गोपीचंद म्हणाले. "जीपले कायले पायजे कंप्यूटर? तिले का हिशेब लिवाचा हाय?"

"डिझेल किती फवाराचं, कव्हा फवाराचं, ते कंप्यूटर ठरवते."

"मंग मी का ठरवीन?"

पुष्पांजली हसली आणि पुन्हा टेप लावून मोजू लागली. 

तरी मला सौंदडला नेण्यात आले. दीड महिना काम चालले. आधी माझे जुने, फुटलेले इंजिन साखळीने वर उचलले गेले. तो क्षण मला नीट सांगता येत नाही. बॉनेटखाली नुसती जमीन दिसत होती. मग नवे इंजिन खाली उतरले, आणि ते माझ्यात बसेना. पुष्पांजलीने माझ्या चौकटीवरचे जुने आधार कापले आणि नवे वेल्डिंग केले. इंजिन आणि माझा जुना गिअरबॉक्स यांची भोके जुळत नव्हती, म्हणून मधे बसवायला तिने गोंदियाच्या लेथवरून एक जाड पोलादी चकती करून आणली. शेवटी आल्या वायरी. मित्रांनो, माझ्या साऱ्या अंगात पूर्वी दहा-बारा वायरी होत्या. आता लाल, निळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या इतक्या वायरी आल्या की मला माझेच अंग ओळखू येईना. पूर्वी गोपीचंदांनी पायाखालचे पेडल दाबले की एक तार ओढली जाई आणि मला कळे की जोर लावायचा आहे. आता ती तार गेली. पेडल दाबले की वायरीतून निरोप जाई, तो डॅशबोर्डखालच्या कंप्यूटरच्या डबीला मिळे आणि पुढचे ती डबी ठरवी.

पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा गोपीचंद माझ्यात बसले होते. धूर निघाला नाही. अंग थरथरले नाही. ते बाहेर डोके काढून म्हणाले, "पुष्पा, चालू करून दे ना."

"चालूच हाय बाबा."

त्यांनी उतरून बॉनेटवर हात ठेवला. मग पेचकस काढला, इंजिनावर टेकवला, कान लावला. बराच वेळ ऐकले. "काईच बोलत नाई हे," असे म्हणून त्यांनी पेचकस खिशात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते तेच माझ्या मनात होते. हे माझ्याशीही काही बोलत नव्हते.

कागदपत्रांतही माझा गोंधळ झाला. माझ्या नोंदणीच्या पुस्तकात चौकटीचा नंबर तोच राहिला, इंजिनाचा नंबर बदलला. अर्धी मी आणि अर्धी दुसरीच कुणी, असे सरकारनेच लिहून दिले.

गावात परत आले तेव्हा मुले धावत आली, पण मोठी माणसे लांबूनच बघत होती. मी पूर्वीपेक्षा भराभर चढ चढत होते आणि डिझेलही कमी पीत होते. तरी गोपीचंद खूश नव्हते. पूर्वी दुखले की मी खोकत असे, आता एक पिवळा दिवा लागे. दिवा का लागला हे त्यांना कळत नसे आणि मलाही कळत नसे. चावडीवर ते सर्वांना सांगत, "गाडी माही हाय, पन इंजिन पोरीचं हाय. ते तिचंच आयकते." हे पुष्पांजलीच्या कानावर गेले. पुढचे काही महिने ती घरी कमी आली.

पोळ्याला मात्र ती आली. त्या वेळी दोन दिवस पाऊस कोसळत होता. सकाळी बिसराम धावत आला. बिसराम मडावी गावच्या तलावाचे पाणी शेतांना वाटून देतो. तलावाची प्रत्येक खोड त्याला ठाऊक असते.

"गोपीचंदभाऊ, तुडमाजवळून पाळ पाझरून रायली," तो धापा टाकत म्हणाला. "पानी गढूळ येऊन रायलं!"

तुडूम म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे दार, आणि पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. पाळीतून स्वच्छ पाणी पाझरले तर चालते. गढूळ आले म्हणजे आतली माती वाहून चालली आहे. पाळ फुटली तर खालचे सगळे धान आणि चाळीस घरे तलावाच्या पाण्यात जाणार होती.

मुरूम भरलेली पोती पाळीवर न्यायची होती. पाळ अरुंद आणि निसरडी, त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली चढवणे म्हणजे पाळच खचवणे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

दोन खेपा मी नीट नेल्या. पाळीवर वळायला जागा नव्हती, म्हणून गोपीचंद मला परत आणताना उलटी चालवत होते. तिसऱ्या खेपेला, पोत्यांनी भरलेली, मी पाळीच्या तोंडाशी आले आणि माझ्यात काहीतरी विचित्र झाले. गोपीचंद पेडल दाबत होते. त्यांचा पाय मला जाणवत होता. पण इंजिन जोर लावत नव्हते. ते बंदही पडले नव्हते. नुसते गुणगुणत उभे होते. पिवळा दिवा लागला. मीच हट्ट करते आहे की ते, हे मला समजेना.

गोपीचंद ओरडले, "सांगतलं होतं मी! तुह्या इंजिनानं आज गाव बुडवलं!"

 पुष्पांजलीचा चेहरा उतरला. तिने डॅशबोर्डखाली बिघाड सांगणारे एक छोटे यंत्र लावले आणि पदराआड मोबाइल धरून वाचले. "पेडलचा निरोप इंजिनाले जात नाई," ती म्हणाली. "दुरुस्त कराले येळ नाई. बाबा, पाय काढा पेडलवरून."

"पाय काढला तं गाडी चालन कशी?"

"लो गिअरमंधी टाका. पैला गिअर. क्लच हळूहळू सोडा. बाकी काई करू नका."

"भरल्या गाडीत? बंद पडन!"

"नाई पडत. ह्या इंजिनाचे फेरे कमी झाले का कंप्यूटर आपल्या मनानं डिझेल वाढवते. एक डाव माहं आयका, बाबा."

गोपीचंदांनी तिच्याकडे पाहिले. मग माझ्या जुन्या, चारही चाकांना संथ ताकद देणाऱ्या लो गिअरचा दांडा ओढला, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडू लागले. ओझे अंगावर आले. इतक्या वर्षांत पेडल न दाबता मी भरलेली कधी हलले नव्हते. आता बंद पडणार असे मला वाटले. इंजिन क्षणभर दबले, आणि मग कुणी न सांगता त्याने स्वतःला सावरले. चाक फिरले.

मी बैलाच्या चालीने पाळीवर चढले. पुष्पांजली पावसात माझ्यापुढे उलट्या पावलांनी चालत होती आणि हाताने चाकाची वाट दाखवत होती. गोपीचंदांचे दोन्ही पाय मोकळे होते. कुठेही झटका नव्हता, म्हणून चाक घसरत नव्हते. खरे सांगते, पेडल चालू असते तर भीतीपोटी पाय जास्त दाबला गेला असता आणि आम्ही तलावात गेलो असतो. जुना गिअरबॉक्स आणि नवे इंजिन एकमेकांशी पहिल्यांदा बोलत होते. काय बोलत होते ते मला कळले नाही, पण मी चालत होते.

अशा आणखी सहा खेपा झाल्या. बिसराम आणि गावची माणसे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पोत्यांवर पोती रचत होती. दुपारी बिसरामने ओंजळीत पाणी घेतले, उजेडाकडे धरले आणि म्हणाला, "नितळ आलं." मग तो तिथेच चिखलात बसला.

दुसऱ्या दिवशी पुष्पांजलीने मला ओढून सौंदडला नेले. गोपीचंदही आले. तिने पेडलजवळ वायरींचा जोड उघडला. आत चिखल भरला होता. तिने टॉर्च मारला आणि पायाखालचे जाड पोते उचलले. खाली माझ्या पत्र्याला तळहाताएवढे भोक होते. पुढचे चाक उडवत असलेला सारा चिखल तिथून थेट त्या जोडावर येत होता.

इंजिनाचा काही दोष नव्हता, मित्रांनो. सडले होते ते माझे स्वतःचे अंग. मला शरम वाटली.

"हे भोक कव्हाचं हाय?" तिने विचारले.

गोपीचंदांनी खाली वाकून भोकाच्या कडेवरून बोट फिरवले. "दोन वर्स झाले," ते म्हणाले. "मीच पोतं टाकून झाकलं होतं."

"काऊन बाबा?"

"इंजिन फुटलंच होतं. पत्राबी सडला म्हनून सांगतलं असतं, तं तू म्हनली असती, भंगारात टाका." त्यांनी ते पोते उचलून बाजूला ठेवले. "मले वाटलं, झाकून ठेवलं तं गाडी राहीन."

पुष्पांजली त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. "सांगाचं होतं. मी पैले पत्राच बदलला असता," ती म्हणाली.

"चावडीवर तुह्या इंजिनाले बहुत बोललो मी," गोपीचंद म्हणाले. "उद्या तिथंच जाऊन सांगतो, पत्रा माहाच सडला होता."

आणि त्यांनी खरेच सांगितले. आता माझ्या पायाखाली नवा पत्रा आहे आणि वायरींचा तो जोड वर, कोरड्या जागी बांधला आहे. माझे वय किती, मी जुनी की नवी, हे मला आजही सांगता येत नाही. बहुधा ते न कळताही चालता येते.

पण मित्रांनो, एक विनंती करते. तुमच्या घरी जुनी सायकल असेल, पंप असेल, किंवा म्हातारे आजोबा असतील, त्यांना नवे काही देण्याआधी एकदा खाली वाकून बघा, कुठे सडले आहे का. आणि तुमचेच कुठे गळत असेल तर त्यावर पोते टाकू नका. ज्याला दुरुस्त करता येते, त्याला जागा दाखवा. तो तुम्हाला भंगारात टाकेल ही भीती बहुतेक वेळा खोटी असते.