मखमलीनं घासलेल्या काचा

या, जरा जवळ सरका. मागच्या बायामाणसांनो, तुम्हीही. कीर्तनात जीव निवतो, हे मी कधीचा सांगत आलो. पण आजची गोष्ट जिवाला घोर लावणारी आहे.

अकोल्याच्या एका कॉलेजात प्रियदर्शनी पीएच.डी. करते. विषय द्रव-स्फटिकांचा: वाहतात पाण्यासारखे, पण रेणू एका दिशेला तोंड करून. टाळकरी डुलत असले तरी तोंडं बुवांकडेच, तसं समजा. त्या शिस्तीचा आकडा काढतात. पूर्ण शिस्त म्हणजे एक, नुसता गोंधळ म्हणजे शून्य. तिनं संगणकात नकली रेणू उभे करून गणित केलं, आकडा आला शून्य पूर्णांक सहा. अमरावतीच्या यंत्रात दोन काचांमध्ये भरलेल्या खऱ्या नमुन्यावर लेसर टाकून मोजलं, तर शून्य पूर्णांक दोन!

तीन आठवडे पोरगी अकोला-अमरावती हेलपाटे घालत होती. गणित चारदा तपासलं. शुक्रवारी यंत्र शेवटचं मिळणार, मग ते दुरुस्तीला. बुधवारी दुपारी तिनं संगणकातल्या रेणूंची आपसातली ओढ गुपचूप कमी करायला घेतली. आकडे जुळले असते, प्रबंध सुटला असता. पण खोटा. बोट कळफलकावर जायचं, ती उठायची, खिडकीशी जायची, परत बसायची.

प्रयोगशाळेतले परिचर नत्थुजी चहा घेऊन आले.

"ताई, भोवरा होऊन राहिल्या तुमी. बसा न."

"कशी बसू? रेणू रांगेत उभेच नाही राहून राहिले."

"त्याइले रांगेत लावते कोन?"

"काच. तिच्यावर लेप असते. तो मखमलीनं एकाच दिशेनं घासाचा, मंग रेणू त्या रेघांनी लागतात."

नत्थुजींनी चहाचा कप टेबलावर ठेवला. बाहेर गेले. दारापर्यंत आले, परत फिरले. मग एकदम आत आले.

"ताई, त्या काचा म्या पुसल्या. तुमी जेवाले गेल्या होत्या. धूळ दिसली, म्हटलं मळक्या काचा अमरावतीले काहून पाठवाच्या? चष्म्यावानी गोल गोल पुसल्या."

"लेपाच्या बाजूनं?"

"दोनी बाजूनं. बारा दिवसांनी माही निवृत्ती हाय. साहेबाले सांगाचं असन त सांगा."

तिनं तो नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरून फिरवला. रेणू एका दिशेला असते, तर फिरवताना तो सगळा एकदम अंधारायला हवा होता. निघाली नुसती उजेड-अंधाराची ठिगळं. हे आधीच बघायचं असतं. घाईत राहिलं होतं.

"तुमी रागावल्या का?"

"माह्यावरच रागावून राहिली मी. चहा थंडा झाला, दुसरा आना."

गुरुवारी तिनं नव्या काचा घासल्या. नत्थुजी दारात स्टूल टाकून बसले, विभागप्रमुखांनासुद्धा म्हणाले, "साहेब, आंदर नोका जाऊ." शुक्रवारी आकडा आला शून्य पूर्णांक सत्तावन्न. शून्य पूर्णांक सहाच्या अगदी जवळ, पण सहा नव्हे. तिनं सत्तावन्नच लिहिला, आणि संगणकातल्या रेणूंना हात लावला नाही.

मंडळी, संध्याकाळी देवापुढं हात जोडाल तेव्हा नत्थुजींची आठवण काढा. गप्प राहिले असते, तर कुणालाच कळलं नसतं.