अर्थ लागेपर्यंत

अण्णांच्या लेकीला तीन गोष्टींची भीती वाटायची: वीज जाण्याची, वीज येण्याची आणि वीज नुसती असण्याची. तिसरी भीती नवी होती, महिनाभरापूर्वीची.

महिन्यापूर्वी गल्लीत विजेचा एक झटका येऊन गेला. समोरच्यांचा टीव्ही गेला. शेजाऱ्यांचा फ्रिज गेला. अण्णांच्या खोलीत मोडेम, कॉम्प्युटरची पेनड्राइव्ह खोचायची दोन्ही भोकं आणि त्यातल्या एकात खोचलेला पेनड्राइव्ह अशी मंडळी एकाच क्षणी वारली. कॉम्प्युटर तेवढा वाचला. वाचला म्हणजे काय, चोरांनी जाताना सगळी दारं-खिडक्या विटांनी बुजवावीत आणि घरमालकाला आत जिवंत ठेवावं, तसा वाचला. आत अण्णांचा कोश होता आणि बाहेर यायला वाट नव्हती.

कोश कारागिरांच्या बोलीतल्या शब्दांचा. अकरा वर्षं अण्णा सुतारांकडे, लोहारांकडे, घड्याळजींकडे, कुलूपवाल्यांकडे जाऊन बसले होते आणि "याला काय म्हणता हो?" एवढा एकच प्रश्न विचारून त्यांनी लोकांना वात आणला होता. नऊ हजार शब्द जमले. ते त्यांनी एका बोटाने टाईप केले, आणि वही टाईप करून झाली की लगेच रद्दीत दिली, कारण घरात एकच गोष्ट दोनदा ठेवणं त्यांना पसाऱ्याचं लक्षण वाटायचं. शब्द सांगणाऱ्यांपैकी निम्मे आता सांगण्यापलीकडे गेले होते. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. म्हणजे हे काम पुन्हा व्हायचं असेल तर ते नव्वदीच्या आसपास उरकलं असतं.

आज दुपारी चार वाजता कॉम्प्युटरवाला येणार होता. तो मशीन उघडून आतली डिस्क काढणार, आपल्या लॅपटॉपला लावणार आणि कोशाची प्रत करणार. तोवर मशीन जगवायचं, एवढंच लेकीचं काम. आणि नेमक्या आजच सकाळपासून गल्लीच्या टोकाला माणसं ट्रान्सफॉर्मरवर चढली होती. ती एकमेकांना "अरे, ही कुठली?" असं विचारत होती. हे लेकीने स्वतःच्या कानांनी ऐकलं. वायर हातात घेऊन माणसाने विचारू नये असा प्रश्न असेल, तर तो हाच.

तिने नऊ वाजताच अण्णांच्या मशीनचा प्लग भिंतीतून उपटला. यूपीएस, स्पाइक बस्टर, स्टॅबिलायझर अशी सगळी फौज घरात होती, पण तिचा कशावरही विश्वास नव्हता. विजेपासून वाचायचं तर विजेला भेटूच नये, असं तिचं साधं मत होतं. अण्णांना तिने हात लावू नका म्हणून सांगितलं. अण्णा हो म्हणाले. ते सगळ्यालाच हो म्हणायचे.

अकराच्या सुमारास वायरमन आला. त्याला बोलावलं होतं कारण मशीनच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या यायच्या. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना वाटे, वय झालं की अशा मुंग्या येतातच, मशीनलाही आल्या असतील. वायरमनने टेस्टर काढला, भिंतीतल्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये खुपसला, पुढच्या खोलीतलं सॉकेट पाहिलं, स्वयंपाकघरातलं पाहिलं आणि लेकीकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, तुमच्या घराला अर्थच नाही."

एकेचाळीस वर्षांच्या, वडिलांबरोबर राहणाऱ्या, कालच याच विषयावर विचार करत झोपलेल्या बाईला हे वाक्य जरा लागलंच. मग तिच्या लक्षात आलं की तो अर्थिंगबद्दल बोलतोय. जास्तीची वीज जमिनीत सोडणारी वायर. ती या घरात कधी घातलीच नव्हती, तिसरं भोक नुसतं शोभेला होतं. वायरमनच्या मते अख्खी गल्ली अशीच निरर्थक होती. त्याने मागच्या अंगणात, अण्णांच्या खिडकीखाली खड्डा खणायला घेतला, हिरव्या वायरचं एक टोक खिडकीच्या कट्ट्यावर टाकून ठेवलं आणि जाड तांब्याची पट्टी आणायला लेकीला दुकानात पिटाळलं.

हे सगळं होताना अण्णा आपल्या खोलीत एका कागदाकडे बघत बसले होते. कोशातल्या एका शेवटच्या शब्दाने त्यांचा चार वर्षं छळ मांडला होता. कागदावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "आंधळी. कुलूपवाला. दुपारी." बस. ही आंधळी कोण, हे लिहायचं राहून गेलं होतं, आणि कुलूपवाला त्याच वर्षी वारला होता.

तेवढ्यात खिडकीखालून, खड्ड्यातून आवाज आला. "काका, अर्थ लागेपर्यंत मशीन चालू करू नका बरं का."

अण्णा चपापले. एवढी वर्षं कोशाबद्दल नातेवाईक बोलले होते, प्रकाशक बोलले होते, पण इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. अर्थ लागल्याशिवाय मशीनवर बसायचं नाही. खरंच तर आहे. उगाच बसायचं, पडद्याकडे बघायचं आणि उठायचं, याला काय काम म्हणतात? त्यांनी खिडकीतून आदराने मान हलवली, जी वायरमनला दिसली नाही, आणि डोळे मिटून चार वर्षांपूर्वीची ती दुपार आठवू लागले.

इकडे लेक दुकानात पट्टी मोजून घेत होती. हार्डवेअरच्या दुकानाची मालकीण बोलणारी नव्हती. लेकीला ती त्यासाठीच आवडायची. पट्टी गुंडाळता गुंडाळता मालकिणीने वर पाहिलं. लेकीनेही पाहिलं. दुकानातला पिवळा बल्ब पांढरा होत होता. मग तो पांढऱ्याच्याही पुढे गेला. पंखा असा फिरू लागला की त्याला कुठेतरी तातडीने पोचायचं असावं.

मालकिणीने हात लांब करून मेन स्विच पाडला आणि म्हणाली, "न्यूट्रल सुटला कुठेतरी. दोनशे तीसच्या जागी चारशे येतायत. घरी काही चालू नाही ना?"

"नाही," लेक म्हणाली. आणि हा शब्द तोंडातून बाहेर पडताना तिला जाणवलं की तिने हे अण्णांच्या भरवशावर म्हटलंय.

तिने फोन लावला. अण्णांनी लगेच उचलला. "जरा वेळाने कर गं," ते म्हणाले. "मशीन चालू आहे." आणि ठेवला.

लेक पळाली. पट्टीचं वेटोळं खांद्यावर, चप्पल एकाच पायात. वाटेत प्रत्येक खिडकीतून तोच पांढरा उजेड बाहेर येत होता, भर दुपारी, उन्हाहून पांढरा. एका घरातून काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कुणीतरी "माझं नाही ना?" असं विचारलं. नऊ हजार, नऊ हजार, असं तिची पावलं म्हणत होती. शेवटच्या वळणावर तिला रडू आलं, पण पळताना रडता येत नाही, श्वास पुरत नाही.

घरात जळक्या प्लॅस्टिकचा वास होता. मेन स्विच दाराशेजारीच होता, लहानपणापासून ज्याला तिने कधी हात लावला नव्हता असा, काळ्या दांड्याचा. तिने डोळे मिटले आणि दांडा खाली ओढला. पंखे मंदावले. बल्ब गेले. सगळं घर गप्प झालं.

गप्प झालं नाही. अण्णांच्या खोलीतून बारीक आवाज येत होता. टीं. टीं. टीं.

स्पाइक बस्टर भिंतीपाशी काळाठिक्कर पडला होता. सगळा मार त्याने अंगावर घेतला होता. मागचा यूपीएस बॅटरीवर गेला होता आणि बोंबलत होता, आणि मशीन चालू होतं, आणि अण्णा एका बोटाने टाईप करत होते.

"लागला गं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "आंधळीचा अर्थ लागला. मी त्याला खिडकीतून ओरडून सांगितलं, लागला म्हणून. तो म्हणाला, करा मग चालू. सज्जन माणूस."

खिडकीत वायरमनचं डोकं उगवलं. त्याने कट्ट्यावरचं हिरवं टोक पाहिलं, जिथल्या तिथे. मग लेकीच्या खांद्यावरची पट्टी पाहिली. त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, ताई पुढच्या दाराने आल्या आणि त्यांनी वायर जोडली," तो हळूच म्हणाला.

यूपीएसची बॅटरी जुनी होती. ती चार मिनिटं चाले. त्यातली किती गेली हे कुणालाच माहीत नव्हतं. लेकीला एवढंच ठाऊक होतं की फाईल उघडी असताना मशीन धाडकन बंद पडलं तर फाईल उद्ध्वस्त होऊ शकते. कॉम्प्युटरवाल्याने फोनवर दोनदा बजावलं होतं.

"अण्णा, सेव्ह करा."

"वाक्य पुरं करतो."

"आत्ता करा."

"अगं, न घासलेली किल्ली. जिला अजून दाते पाडले नाहीत ती." त्यांचं बोट कीबोर्डवर 'ज' शोधत फिरत होतं. ते 'ज'च्या डोक्यावरून दोनदा गेलं. "आंधळीच की. काय सुंदर नाव ठेवलंय बघ."

टीं टीं टीं टीं. आता मधलं अंतर संपलं होतं. लेकीने वडिलांचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा धरलं, आणि ते इतकं हलकं लागलं की ती त्यानेही घाबरली. तिने दुसऱ्या हाताने सेव्ह केलं. पडद्यावर छोटं घड्याळ फिरू लागलं. फिरतच राहिलं. वायरमन खिडकीत श्वास रोखून उभा होता, त्याच्या हनुवटीवरून माती गळत होती. घड्याळ थांबलं. तिने फाईल मिटली. मशीन बंद करायची आज्ञा दिली. मशीनने विचारलं, नक्की बंद करायचं का? लेकीच्या तोंडून त्या मशीनच्या आईबद्दल काहीतरी निघालं, जे अण्णांच्या कोशात नव्हतं. पडदा काळा झाला. मग यूपीएसचा आवाज एकदम तुटला.

आधी काय झालं? मशीन बंद झालं की बॅटरी मेली? तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच सांगता येईना. वायरमन म्हणाला की त्याला वाटतं मशीन आधी. पण तो मघाशीही काहीतरी वाटल्यावरच बोलला होता.

चारपर्यंत कुणी काही खाल्लं नाही. अण्णा खुर्चीतून उठले नाहीत. लेकीने मनगट जरा जोरात धरलं होतं, ते चोळत बसले. एकदाच म्हणाले की काही झालंच तर अ पासून परत सुरू करता येईल.

कॉम्प्युटरवाला चार वाजून दहा मिनिटांनी आला. डिस्क काढली, एका डबीत घातली, लॅपटॉपला लावली आणि सवयीने चार्जर काढून सॉकेट शोधू लागला. लेक सॉकेटला पाठ लावून उभी राहिली.

"चार्जिंग किती आहे?" तिने विचारलं.

"पुरेल."

"पुरेल म्हणजे किती?"

"अकरा टक्के."

"मग त्यातच करा."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चार्जर मुकाट्याने पिशवीत टाकला. डिस्क गरगरली. कटकटली. कटकटल्यावर अण्णांनी डोळे मिटले. मग फाईल उघडली. नऊ हजार शब्द, एकाखाली एक, शांतपणे उभे होते, आपल्याला कुणी हाक मारतंय का हे बघत. शेवटी आंधळी होती. न घासलेली किल्ली, एवढं लिहून तिचं वाक्य मध्येच थांबलं होतं. अण्णांनी पुढचं तोंडी सांगितलं, कॉम्प्युटरवाल्याने दहाही बोटांनी ते तीन सेकंदांत टाईप केलं, आणि अण्णा त्याच्याकडे असे बघत राहिले जसं कुणी त्यांच्या घरात शिरून त्यांचं जेवण जेवून गेलं असावं.

दोन पेनड्राइव्ह भरून झाले तेव्हा लॅपटॉपमध्ये दोन टक्के उरले होते. एक अण्णांनी शर्टाच्या खिशात ठेवला. दुसरा लेकीने मुठीत धरला. तो घरात ठेवायला तिचं मन होईना. कपाटामागून वायर गेली होती, माळ्यावर मीटर होता, गादीखाली म्हणावं तर भिंतीत काय आहे कुणास ठाऊक. ती दुसरी चप्पल शोधून बाहेर पडली. ज्याच्या डोक्यावरून एकही वायर जात नाही असा एखादा कोपरा तिला हवा होता. मूठ छातीशी धरून, मान वर करून ती गल्लीतून चालत राहिली. ट्रान्सफॉर्मरवरच्या माणसांनी तिला पाहिलं आणि एकाने दुसऱ्याला विचारलं, ही कुठली?