वरच्या बागेचं बी

आमच्या रोपवाटिकेला बी दोन बागांतून यायचं. वरची बाग डोंगराच्या माथ्याजवळ होती आणि तिथेच माझी नणंद एकटी राहायची. खालची बाग घराला लागून, ती माझ्या नवऱ्याने उभी केलेली. दोन्हीकडची झाडं एकाच जातीची, सुईसारख्या पानांची, शंकूत बी धरणारी. वन्संनी ती वर लावली तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. पुढे ह्यांनी त्याच झाडांच्या काड्या आणून खाली कलमं बांधली, कारण वर थंडीने फूल गळतं. एक वर्ष शंकू लागले तर दोन वर्षं नुसती पानं. खाली ऊब असते, झाडं दरवर्षी लगडतात.

त्या साली ह्यांनी ठरवलं, वरची बाग तोडायची आणि ताईला खाली घरी आणायचं. करवतवाल्यांना शब्दही देऊन झाला. वन्सं काही बोलल्या नाहीत. एरवी बोलणारी बाई गप्प बसली की मला धास्ती वाटते. आणि खरं सांगायचं तर मला माझाही घोर होता. वन्सं माणूस सोन्यासारख्या, पण दुसऱ्याच्या भाजीत स्वतःच्या हाताने मीठ घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

थंडीच्या तोंडाशी रोपं निवडायचं काम निघालं. डोंगराचा उघडा उतार लावायचा होता, त्यासाठी. ह्यांच्याकडे खाच पाडलेली काठी होती. ती रोपाशेजारी उभी धरायची, शेंडा खाचेच्या वर गेला तर रोप ठेवायचं, नाहीतर ढिगात टाकायचं. वन्संही मदतीला खाली आल्या होत्या. दोन्ही बागांच्या बियांचे वाफे शेजारीशेजारी होते. माती एक, पाणी एक, तरी ढिगात पडत होती ती जवळजवळ सगळी वरच्या बागेची.

"बघ ताई," हे म्हणाले, "माझी कशी ताडमाड झालीत. तुझी अजून रांगतायत."

"रांगू दे. कुठे शाळेत घालायचीत?"

"पण आईबाप तर तेच. खाण तशी माती म्हणतात ना?"

"आपली तरी खाण कुठे वेगळी होती, धाकट्या? मी थंडीत खिडकी उघडी टाकून झोपते आणि तू उन्हाळ्यातही कानटोपी शोधतोस."

मला हसू आवरेना. ह्यांनी काठी पुढच्या रोपाला लावली.

ढिगातली रोपं मी उचलत होते. त्यांचे शेंडे बोटांना वेगळे लागले. प्रत्येकाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी घट्ट मिटलेली कळी होती. उंच रोपांचे शेंडे मात्र अजून कोवळे, लवलवते.

"अहो, ही टणक लागतायत."

"खुरटलीत, म्हणून."

वन्संनी एक शेंडा चिमटीत धरून पाहिला. "खुरटलीत की झोपलीत, मला नाही सांगता यायचं. अगं, हा ढीग फेकू नकोस. चर खणून त्यात लाव. धाकट्या, हिवाळा जाऊ दे, मग काय तोडायचं ते तोड."

"ती मंडळी पुढच्या आठवड्यात येतायत, ताई."

"मग तोवर तरी राहू दे. मेली तर मी ट्रंक भरून खाली येते. जेवीन हिच्या हातचं अळणी."

हे हो म्हणाले. बहिणीचं मन राखायचं म्हणून, दुसरं काही नाही.

त्या आठवड्यात थंडी लवकर उतरली. एका सकाळी दव गोठलं, बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरला. ऊन चढलं तशी उंच रोपं माना टाकू लागली. दुपारपर्यंत त्यांचे शेंडे शिजवलेल्या पाल्यासारखे काळे पडले. चरातली बुटकी रोपं कालच्यासारखीच उभी होती.

हे चराच्या कडेला उकिडवे बसले. "शेजारीच तर वाढली सगळी. मग थंडी येणार हे ह्या बुटक्यांना कुणी सांगितलं?"

"बी शंकूत भरत होतं तेव्हा वरच होतं ना," मी म्हटलं. "तिथली हवा पोटातच लागली असेल."

"असं कुठे असतं का?"

"थोरला पोटात होता तेव्हा मी दिवसभर शिवणयंत्र चालवायचे. पाळण्यात तो त्या आवाजाशिवाय झोपायचा का?"

"हे काही शास्त्र नाही."

"नसेल."

ह्यांनी एका बुटक्या रोपाचा शेंडा चिमटीत धरून पाहिला. मग आत जाऊन त्यांनी करवतवाल्यांना फोन केला, आणि त्यांच्या चार गोष्टी ऐकूनही घेतल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वर गेलो. वन्सं शिडीवर चढून शंकू काढत होत्या.

"मेली ना?" त्यांनी वळूनही न पाहता विचारलं.

"तुझी नाही. माझी."

त्यांचा हात थांबला. "सगळी?"

"शेंडे गेलेत. नवे फुटतील, पण उतारावर टिकायची नाहीत."

"मग सपाटीवर लाव. तिथे त्यांच्यासारखी दुसरी नाहीत." त्या पुन्हा शंकूंकडे वळल्या.

"बाग ठेवतोय, ताई. उताराला बी इथलंच घेईन."

"यंदा पोतंभरही निघायचं नाही. अर्धा उतार उघडा राहील."

"राहू दे. लावू हळूहळू."

वन्संनी हातातला शंकू खाली टाकला. मग म्हणाल्या, "नुसता उभा काय राहिलास? शिडी धर, हलतेय मघापासून."

ह्यांनी शिडी धरली. मी पडलेले शंकू टोपलीत वेचू लागले. वारा बोचत होता, बोटं बधिर झाली होती, पण आमच्यापैकी कुणालाच उतरायची घाई नव्हती.