बाल्कनीतलं मशीन

घर दोन खोल्यांचं, आणि तिची कामाची जागा म्हणजे स्वयंपाकघरामागची बाल्कनी. नवऱ्याने तिन्ही बाजूंना काचा बसवून ती बंद करून दिली होती, तीही ‘तात्पुरती’. मोठं घर घ्यायचंच होतं, फक्त त्याच्या मनासारखी योजना अजून कोणी जाहीर केली नव्हती. त्या तात्पुरत्याला आता नऊ वर्षं झाली होती. टेबलाशी बसलं की दोन्ही कोपरं काचांना टेकायची. दार आत उघडायचं, त्यामुळे कोणाला आत यायचं असलं की हिने खुर्चीसकट टेबलाखाली सरकायचं. समोर हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून खाली गेलेला जाडजूड पाइप. नऊ वर्षांत त्या पाइपावरचा गंजाचा डाग एका विटेवरून चार विटांवर गेलेला तिने पाहिला होता.

आणि अशा जागी बसून ती लोकांची ऐसपैस घरं रंगवायची. एका आर्किटेक्ट बाईंचं काम तिच्याकडे असायचं. बाई नकाशे पाठवायच्या, आणि ते घर बांधून झाल्यावर कसं दिसेल याची हुबेहूब चित्रं ती कॉम्प्युटरवर तयार करायची. सकाळचं ऊन जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत येईल, पडद्याची सावली कुठे पडेल, सगळं. ही उन्हासावलीची आकडेमोड कॉम्प्युटरच करतो, त्याला रेंडर म्हणतात. तिच्या जुन्या लॅपटॉपला एका चित्राच्या रेंडरला नऊ तास लागायचे. तेवढा वेळ त्याला हातही लावायची सोय नव्हती. लावला की रुसून बसायचा.

रेंडर चालू म्हणजे सून रिकामी, असा घरातला हिशेब होता.

नवऱ्याचं म्हणाल तर तो वाईट मुळीच नव्हता. आवाज चढवायचा नाही, हिशेबीपणाने टोचायचा नाही. एका कारखान्याच्या खरेदी विभागात होता आणि बाजारात केव्हा काय येणार हे त्याच्या जिभेवर असायचं. “आत्ता घेणारा मूर्ख,” तो म्हणायचा, “दोन महिन्यांत नवं मॉडेल येतंय. तेच घेऊ.” ते यायचं, तोवर त्याच्याही पुढच्याची बातमी आलेली असायची. फ्रिजचं दार दोन वर्षं रबरबँडने बांधलेलं होतं ते याच पायी.

तिसरं माणूस म्हणजे सासरे. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी जोडल्या, आणि निवृत्तीनंतर दीड वर्षातच झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायचा, आणि बोलणं तर पार विस्कटलं. चाळीसेक शब्द शिल्लक राहिले होते, तेही भलत्याच जागी जाऊन बसायचे. चष्मा हवा असला की ‘रेल्वे’ म्हणायचे. मुलाला ‘साहेब’ म्हणायचे, पण ही चूक होती की टोमणा, ते कधीच कोणाला कळलं नाही. त्यांचं बघायला सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत एक मावशी यायच्या. चांगल्या दणकट बाई. सासऱ्यांना काखेत धरून दोन जिने उतरवायच्या आणि फाटकाजवळच्या बाकावर तासभर बसवून आणायच्या. त्या चार तासांत ती काम करू शकायची. बाकीच्या वेळी सासऱ्यांच्या हाताशी एक घंटी असायची.

एका मंगळवारी सकाळी, सात तास रेंडर होऊन गेलेलं असताना, लॅपटॉपने एक लांब शिट्टी मारली आणि मान टाकली. दुपारी आर्किटेक्ट बाईंना ते चित्र गिऱ्हाइकापुढे ठेवायचं होतं.

“आता मी त्यांना काय दाखवू, कपाळ?” बाई फोनवर म्हणाल्या. मग जरा थांबून, “तुझं काम चांगलं आहे गं. पण तुझ्या यंत्राच्या मर्जीवर मी किती दिवस चालायचं?”

संध्याकाळी नवऱ्याने लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला. “एका परीने बरंच झालं,” तो म्हणाला. “पाच आठवड्यांत नवा येतोय. चिप बदलली आहे त्यांनी. पाचच आठवडे काढ कसेबसे.”

तिने पाच आठवडे काम बंद ठेवून काढले. सहाव्या आठवड्यात तो जेवताना म्हणाला, “लाँच पुढे ढकललं त्यांनी.” हवामानाची बातमी सांगावी तसं. तिचा घास हातातच राहिला. लॅपटॉपचं तिला तितकं वाटलं नाही. तिला ती काचेची बाल्कनी आठवली, आणि वाटलं, मी मेले तरी हा म्हणेल, थांब, पुढच्या वर्षी बरं मरण येतंय.

दुसऱ्या दिवशी मावशी असताना ती बाजारात गेली. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या गल्लीत एक दुकान होतं. मालकाला सगळे पंखेवाला म्हणत, कारण काहीही न्या, तो “एक पंखा जास्तीचा घाला” म्हणायचाच.

“तयार मशीन कशाला?” त्याने तिचं काम ऐकून घेऊन विचारलं. “तुम्हाला हवं ग्राफिक्स कार्ड, बाकीचं सगळं शोभेचं. भाग घ्या, जोडून टाका.”

“तुम्ही जोडून द्याल?”

“मी देईन की. पण सोळा दिवस नंबर आहे.”

सोळा दिवस. थांबणं हा शब्दच तिला आता सोसवत नव्हता. “द्या भाग,” ती म्हणाली. “मी जोडते.” स्वतःच्या कामाचे साठवलेले पैसे होते, ते तिने कोणाला न विचारता मोजून दिले. पंखेवाल्याने कागदावर क्रमवार लिहून दिलं आणि एक पंखा जास्तीचा घातला.

बाल्कनीत खोकी उघडायलाही जागा नव्हती. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून तिने सगळं मांडलं: काळं कॅबिनेट, मदरबोर्ड, विटेएवढं जड ग्राफिक्स कार्ड, आणि वायरींचे जुडगे. मावशी गेल्या होत्या. सासरे खुर्चीत होते. त्यांची मान हळूच वर आली. मग घंटी वाजली. दोनदा, तीनदा.

“काय बाबा? काय हवं?”

त्यांनी डाव्या हाताने टेबलाकडे बोट केलं.

तिने खुर्ची ओढत टेबलाशी आणली. आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच तिला त्यांच्या चेहऱ्यावर कामाला निघालेल्या माणसाची घाई दिसली. तिने स्क्रू पिळायला घेतला की ते मनगटावर चापट मारायचे: अजून नको, आधी चारही नुसते अडकव, मग पीळ. हे त्यांना सांगता येत नव्हतं, म्हणून ते करून दाखवायचे, डाव्या हाताने, जीभ दातांत धरून. प्रोसेसर खाचेत बसवताना त्यांनी आपला तळवा तिच्या हातावर टेकवून ठेवला. वायरींची पाळी आली तेव्हा त्यांनी कपाटाकडे बोट दाखवून “रेल्वे, रेल्वे” चालवलं. चष्मा नाकावरच होता. पाच खण उपसल्यावर सापडलं: एक्स्चेंजच्या दिवसांतलं मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ. दोऱ्याचं एक टोक त्यांच्या दातांत, गाठीवर त्यांचं बोट, आणि बाकीची ओढाताण तिच्या दोन्ही हातांनी. तीन हातांनी त्यांनी वायरीची एकेक जुडी बांधली. दुपारचे दोन तास कसे गेले कळलं नाही.

तिने बटण दाबलं. पंखे फिरले, निळे दिवे लागले. मॉनिटरचा पडदा मात्र काळाच.

पुन्हा दाबलं. पुन्हा काळा. कागदावरच्या ओळी तिने बोट ठेवून वाचल्या. रॅम काढून घातली, कार्ड काढून घातलं. काही नाही. आता नवरा येईल, हे सगळं बघेल आणि एक शब्दही वाकडा बोलणार नाही. नुसता म्हणेल, “थांबली असतीस तर.” ते तिला नको होतं.

“पाणी,” सासरे म्हणाले.

तिने पेला आणून दिला. त्यांनी तो बाजूला सारला. “पाणी!”

“थंड हवं का? कोमट?”

“पाणी! पाणी!” त्यांचा चेहरा लाल झाला. हात हवेत आपटत होता. शब्द चुकीचा आहे हे त्यांना समजत होतं, आणि दुसरा सापडत नव्हता. तिनेही एकदम सगळा धीर सोडला. “अहो बाबा, देतेय ना पाणी! घेत का नाही मग?” ती ओरडली, आणि तिने तोंडावर हात धरला. सासऱ्यांवर ती आजवर कधी ओरडली नव्हती.

मग त्यांनी तिचं बोट पकडलं आणि ओढत नेऊन कॅबिनेटच्या आत, वरच्या डाव्या कोपऱ्यात, पंख्याच्या मागे टेकवलं. बोटाला खाच लागली. बारीक चौकोनी भोकं. आठ. रिकामी.

पाणी म्हणजे वीज. प्रोसेसरकडे वीज नेणारी वायर जोडायचीच राहिली होती. ती पलीकडच्या जुडीत नीट गाठ मारून बांधून पडली होती.

तिने दोरा कापला, वायर ओढून आणली, खटकन बसवली. पडदा उजळला, पांढरी अक्षरं उमटली. सासरे खुर्चीत मागे टेकले आणि मघाचा पेला उचलून खरोखरच पाणी प्यायले. दोघंही हसत सुटली.

नऊ तासांचं रेंडर चाळीस मिनिटांत होऊ लागलं. पहिला आठवडाभर ती हरखून गेली होती. मग नवरा, ज्याने मशीन पाहून मान डोलावत “वाईट नाही” म्हटलं होतं, एका सकाळी म्हणाला, “मी मावशींना महिनाअखेर बंद करायला सांगितलंय.”

“का?”

“अगं, तुझं काम आता तासाभरात होतं. मग त्या कशाला? आणि बाबांचं तुझ्याशी जमतंही छान.”

त्याने हे कौतुकानेच म्हटलं होतं. म्हणून तर तिला पटकन उत्तर सुचलं नाही. सुचलं तोवर मावशी गेल्या होत्या.

तिकडे आर्किटेक्ट बाईही खूश होत्या. पूर्वी एका घराचं एक चित्र मागायच्या; आता “भिंत जरा पिवळी करून बघू”, “सोफा उलटा करून बघू”, “तुझं काय, पटकन होतं!” दिवसाला सहा-सहा चित्रं. चाळीस मिनिटं होती, पण ती तिची नव्हती. घंटी वाजायची, फोन वाजायचा, आणि काचांच्या मधल्या जागेत नवं मशीन गरम हवा सोडत बसायचं. टेबलाखाली आता त्याचं कॅबिनेट होतं, त्यामुळे पाय सरळ करायलाही जागा उरली नाही. दार उघडलं की तिला उभंच राहावं लागायचं.

आणि सासऱ्यांचं खाली जाणं बंद झालं. दोन जिने त्यांना एकटीने उतरवणं तिला झेपेना. एकदा प्रयत्न केला, आणि पहिल्याच वळणावर दोघं कठड्याला धरून दहा मिनिटं तशीच उभी राहिली. ना वर जाता येईना, ना खाली. शेवटी वरच्या मजल्यावरचा शेजारी आला म्हणून सुटली. त्यानंतर ते खिडकीशी बसून फाटकाकडे बघायचे.

तीन आठवड्यांनी तिने बाईंना फोन केला. “तुमच्या ऑफिसात एका टेबलाची जागा आहे का? मशीन माझंच आणते.”

“ये ना. केव्हा येतेस?”

नवऱ्याआधी तिने सासऱ्यांना सांगितलं. त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. “बाबा, मी रोज ऑफिसला जाऊ का? मावशी परत येतील, आता संध्याकाळपर्यंत राहतील. तुम्हाला खाली नेतील. पण दुपारी मी नसेन.”

त्यांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाले, “नको.”

त्याच आठवड्यात त्यांनी औषधाला ‘नको’ म्हणून हात पुढे केला होता, आणि खरंच नको असतानाही ‘नको’च म्हटलं होतं. तिने त्यांचा चेहरा निरखला. “नको म्हणजे जाऊ नको?” त्यांनी डोळे मिटून घेतले. तिला काही कळलं नाही.

संध्याकाळी नवरा म्हणाला, “मशीन घरात असताना ऑफिस कशाला?”

“म्हणूनच घरात ठेवत नाहीये.”

“नवा लॅपटॉप आला असता तर उचलून कुठेही—”

“मावशींना तू फोन करतोस की मी करू?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. फ्रिजकडेही पाहिलं, का कोण जाणे. “मी करतो,” तो म्हणाला.

सोमवारी तिने कॅबिनेट उशीत गुंडाळून टॅक्सीत शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलं. ऑफिसातलं टेबल रुंद होतं. कोपरं कशालाच लागत नव्हती, आणि त्यामुळे हात कुठे ठेवावेत हेच तिला सुचेना. अकरा वाजता ती उठून उभी राहिली. अकराला सासऱ्यांच्या हाताचा व्यायाम असायचा. ती तशीच उभी राहिली, मग फोन घेऊन जिन्यात गेली.

“खालीच आहोत आम्ही,” मावशी म्हणाल्या. “बाकावर बसलेत. देऊ का त्यांना?”

फोनमध्ये रस्त्याचा आवाज आला, मग त्यांचा श्वास.

“बाबा? बरं वाटतंय ना?”

श्वास येत राहिला. शब्द काही आला नाही. तिने वाट पाहिली. वर बाईंनी दार उघडून तिच्या नावाने हाक मारली, पिवळ्या भिंतीचं विचारत. फोन कानाशी तसाच धरून ती एकेक पायरी वर चढू लागली.